बाकी काय सारखं धरलं?

शेलूबाजारात दोन मास्तर होते, सख्खे भाऊ. थोरले कपडे शिवायचे आणि धाकटे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हायवेला जीपमधून उतरून ‘मास्तरांचं घर कुठं?’ असं विचारलं की पानठेल्यावरचा माणूस उलट विचारायचा, ‘कोनते मास्तर? शिवनारे का उसवनारे?’

मला हवे होते ते उसवणारे.

त्यांची बसायची जागा म्हणजे थोरल्या भावाचं दुकान. वर राहायला घर होतं, घरात टेबल-खुर्ची होती, पुस्तकांची दोन कपाटं होती. तरी मास्तर सकाळी दहाला खाली यायचे आणि कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, गळ्यात टेप अडकवून बसायचे. शिवणकामातलं त्यांना काही येत नव्हतं. त्यांनी लावलेलं बटण भाऊ नंतर गुपचूप काढून पुन्हा लावायचे. पण वडील शिंपी, आजोबा शिंपी, त्यामुळे टेप नसली की मानेला गार लागतं असं त्यांचं म्हणणं. कॉलरच्या आतून टाचण्या खोचून ठेवायची सवयही तशीच घराण्यातून आलेली.

दुसऱ्याने केलेली तुलना त्यांना सहन होत नसे. कोणी म्हणालं, मंगरूळच्या बाजारापेक्षा आपल्या बाजारात वांगी चांगली, की मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, ‘बाकी काय सारखं धरलं?’ दोन्ही वांगी एकाच दिवशी घेतली का, सकाळी का संध्याकाळी, घरी एकाच तेलात केली का. एकदा नात्यातल्या लग्नात कोणीतरी बोलून गेलं की मुलीकडच्या निकाहच्या जेवणापेक्षा मुलाकडचं वलीम्याचं जेवण सरस होतं. मास्तरांनी पंगतीतच चौकशी लावली. निघालं असं की निकाहला जेवण एक वाजता मिळालं होतं आणि वलीम्याला साडेतीनला. मास्तर म्हणाले, मग हे जेवण सरस नव्हतं, तुमची भूक सरस होती. मुलीच्या मामाने उठून त्यांना मिठी मारली. मुलाचे काका पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्यांचं स्वतःचं लग्न कसं जमलं हे थोरले भाऊ शिवता शिवता सांगायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीचा भाऊ कौतुकाने म्हणाला, आमच्या घरात हीच सगळ्यात हुशार. मास्तरांनी विचारलं, घरात किती जण आहेत? भाऊ गोंधळला. पडद्यामागून मुलीचाच आवाज आला, ‘दोघं.’ मास्तरांनी तिथेच होकार दिला.

मी त्यांच्याकडे पोचले ती प्रबंधाच्या धास्तीने. एमबीबीएस संपवून मी रेडिओलॉजीला, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय वाचायच्या शाखेत एमडी करत होते. जिल्ह्याबाहेरच्या शहरात आमचं कॉलेज. तिथे पदवीसाठी प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो आणि प्रबंधात आकडेमोड असते. डॉक्टर होण्याइतकं आम्हा सगळ्यांना पाठ करता येतं, पण आकडेमोड म्हटली की आम्ही पळ काढतो. मास्तरांनी आमच्याच कॉलेजात डॉक्टरांना संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही, म्हणून मुलं बस पकडून शेलूबाजारला यायची.

माझा विषय माझ्या गाईडनी दिला होता. गाईड म्हणजे आमचे विभागप्रमुख, कडक इस्त्रीचे, फार न बोलणारे. मेंदूत आठवणीच्या कामी येणारा एक भाग असतो, वाकड्या शेंगेसारखा, दोन्ही बाजूंना एकेक. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये, शाळा शिकलेल्या आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या, या शेंगेच्या आकारात काही फरक असतो का, ते मोजायचं. शिकलेल्या बायका शहरात भरपूर मिळत होत्या. न शिकलेल्या कुठून आणायच्या हा प्रश्न माझ्या आईने सोडवला. आमचं गाव मालेगावजवळ, घरचं भाजीपाल्याचं वावर. आई मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन मालेगावच्या बाजाराला बसते. तिने तिच्या ओळीत बसणाऱ्या आणि गावातल्या मिळून पंचवीसेक बायका गोळा केल्या, सगळ्यांच्या आधी स्वतःचं नाव घातलं.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून मास्तरांसमोर ठेवला. त्यांनी तो मिटला आणि त्यावर एका गिऱ्हाइकाची अर्धी शिवलेली पँट ठेवली. मग मला बेतायचा खाकी कागद फाडून दिला आणि सांगितलं, दोन्ही गटांतल्या बायकांची तुलना करताना काय काय सारखं धरणार ते लिही. मी भराभर चौदा गोष्टी लिहिल्या. वय, उंची, वजन, डोक्याचा एकूण आकार, बीपी, साखर, मुलं किती, स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण, असं बरंच. आमच्या सीनियरनी सांगितलं होतं, सगळं टाकून बघायचं आणि ज्याने निकाल चांगला येतो ते ठेवायचं. निकालाच्या आकड्याशेजारी कॉम्प्युटर चांदणी काढतो, ती दिसली की प्रबंध सुटला.

मास्तरांनी कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, ‘आता एकेकाच्या पुढे काहून ते लिही.’

मी काहून, म्हणजे का ते, लिहायला बसले आणि अर्ध्या तासात घामाघूम झाले. वयाचं सोपं होतं. न शिकलेल्या बायका वयाने जास्त होत्या आणि वयाने मेंदू आक्रसतो. ‘मुलं किती’ यापुढे मला काहीच सुचेना. मास्तरांनी ते खोडलं. वजन खोडलं. स्मरणशक्तीच्या गुणांपाशी ते थांबले आणि मला समजेना म्हणून भावाच्या दोन मुलांचं उदाहरण घेतलं. एक लठ्ठ, एक बारीक. कोण जास्त जेवतो ते शोधायचंय, आणि कोणी म्हणालं की आधी दोघांचं पोट सारखं धरू. मग काय उरलं शोधायला? शाळेने जे बदललं असेल तेच सारखं धरलं, तर शाळेचा हिशोब कुठून लागणार. जे आधीपासून होतं ते धर, जे नंतर आलं त्याला हात लावू नको.

तेवढ्यात सफारीचं माप द्यायला आलेला, दोन्ही हात पसरून उभा असलेला गुरांचा व्यापारी वादात पडला. त्याचं म्हणणं, बुटक्या बाईचं डोकंच लहान असणार, मग आतलं सगळं लहान असणार, त्यात शाळेचा काय संबंध. थोरले भाऊ तोंडात टाचण्या धरून मान हलवत होते. मास्तर खूश झाले, पण लगेच गंभीर झाले. डोक्याचा आकार लहानपणीच्या खाण्यावर असतो, आणि ज्या घरात मुलीला पोटभर मिळालं नाही त्याच घरातून ती शाळेतही गेली नसणार. मग डोक्याचं माप धरावं का धरू नये? त्यांनी मला विचारलं, व्यापाऱ्याला विचारलं, भावाला विचारलं.  त्या दिवशी ते तो प्रश्न घेऊनच जिना चढून वर गेले.

तिसऱ्या दिवशी मी सोनोग्राफी करत असताना त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. डोक्याचं माप धरून एकदा आणि न धरता एकदा, दोन्ही उत्तरं छापायची, आणि तसं आधीच लिहून ठेवायचं. मी हो म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

शेवटी कागदावर चार गोष्टी उरल्या. मी सही केली. मास्तरांना साक्षीदार हवा होता, तर सफारीची पहिली फिटिंग बघायला आलेल्या त्या व्यापाऱ्याने माझ्या सहीखाली सही केली, उर्दूत, तारखेसकट. कागद घडी घालून जुन्या कोळशाच्या इस्त्रीखाली गेला. तिथे आधीच सात-आठ डॉक्टरांचे कागद होते.

पुढचे सहा महिने मी बायकांचे एमआरआय काढत होते. मग आकडे आले आणि निकाल झकास निघाला. न शिकलेल्या बायकांची शेंग चांगलीच लहान होती, चांदणी एक नाही, तीन. गाईड पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. त्यांनी परिषदेला पाठवायचं ठरवलं, कोणा पत्रकार मित्राला सांगितलंही. मी सुट्टीत घरी गेले तर आई चुलीपाशी बसून विचारते, ‘मंग माह्या डोस्क्यात काय निघालं?’

मी म्हणाले, अजून काम चालू आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि भाकर थापायला लागली. त्या ताटावर मी कशी जेवले मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी शेलूबाजारला गेले. मास्तरांनी तिन्ही चांदण्या बघितल्या आणि त्यांना आनंद झालेला दिसला नाही. बारीकसारीक विचारत गेले. कुठे झोपवलं, कोणी झोपवलं, किती वेळ. मी सहज सांगितलं की शहरातल्या शिकलेल्या बायकांचे आमच्या कॉलेजच्या मशीनवर काढले आणि आईच्या बायकांना शहर लांब पडतं, म्हणून वाशीमच्या एका सेंटरवर काढले.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. मी ती पहिल्यांदाच त्यांच्या गळ्याबाहेर बघत होते. वाशीमच्या मशीनवर शिकलेली एक तरी बाई आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हती. शहरातल्या मशीनवर न शिकलेली? तीही नव्हती.

‘मंग बेटा,’ ते म्हणाले, ‘तू बायका नाई नापल्या. तू मशीनी नापल्या.’

मी म्हणाले, मशीनही सारखं धरू, पाचवी गोष्ट म्हणून टाकू. त्यांनी भावाला हाक मारून विचारलं, समजा तुझ्याकडे दोन टेपा आहेत, एक ताणलेली. सगळ्या बायका तू एका टेपेने मोजल्या आणि सगळे पुरुष दुसरीने. आता सांग, फरक बायका-पुरुषांचा किती आणि टेपेचा किती? भाऊ म्हणाले, कपडे परत येतील तेव्हा कळेल. मास्तर म्हणाले, मेंदू परत येत नाही. दोन्ही चिकटलेलं आहे, कुठलं गणित ते सोडवू शकत नाही.

मी दुकानातच रडले. भावाने मला चहा दिला आणि पडदा ओढला. परीक्षा चार महिन्यांवर आली होती. गाईडना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, मशीनबद्दल कोणी विचारणार नाही. मी हे मास्तरांना सांगितलं. ‘मी विचारीन,’ मास्तर म्हणाले. ते परीक्षक नव्हते, कोणीच नव्हते. तरी मला त्यांची भीती वाटली.

मग त्यांनी ते केलं ज्याच्यासाठी शेलूबाजारात त्यांना अजून ओळखतात. ते स्वतः दोन्ही मशीनमध्ये शिरायचं म्हणाले. एकच डोकं, चार दिवसांच्या अंतराने, दोन टेपा.

आधी शहरात आले. धुतलेला पांढरा कुर्ता, वर जाकीट. एमआरआयच्या खोलीत लोखंड नेता येत नाही, म्हणून दारात टेक्निशियन हातातलं यंत्र अंगावरून फिरवतो. यंत्र वाजलं. मास्तरांनी कॉलरमधून एक टाचणी काढून दिली. पुन्हा वाजलं. दुसरी दिली. टेक्निशियनने स्टीलची ट्रे आणली. अकरा टाचण्या, बोटात घालायचं एक अंगुस्तान आणि जाकिटाच्या अस्तरातून कधीची हरवलेली शिलाई मशीनची सुई एवढं निघालं. मास्तर सुई ओळखून खूश झाले, भाऊ ती महिनाभर शोधत होता म्हणे. कुर्ता बदलून दवाखान्याचा झगा घालायला लावला तेव्हा कुठे आत सोडलं. आत ते स्थिर राहीनात. मशीन ठोके देतं, आणि मास्तर ठोके मोजत होते, मोजताना बोट हलत होतं आणि बोटाबरोबर मान. तीनदा काढावं लागलं. तिसऱ्यांदा मी आत जाऊन त्यांचा हात धरून बसले.

चार दिवसांनी वाशीमला. तिथे टाचण्या पाचच निघाल्या.

मी दोन्हीकडची शेंग मोजली. वाशीमची लहान होती. मशीन दोन्ही चांगली, बिघाड कुठेच नाही. एक जुन्या बनावटीचं, एक नव्या, चित्राची धार वेगळी, एवढंच. मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की माझा मेंदू वाशीमला जाऊन लहान झाला. थोरले भाऊ म्हणाले, बसमध्ये राहिला असेल. पानठेलेवाल्याने काळजीने विचारलं, परत मोठा होईल का. मास्तरांनी त्याला सांगितलं, शहरात गेलो की होतो.

एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही हे तेच पहिल्यांदा म्हणाले. सात माणसांची यादी केली. भाऊ, पानठेलेवाला, आई, मी, आणि आणखी तिघं. आठवी ओळ कोरी ठेवली आणि ती यादी घेऊन थेट आमच्या गाईडच्या केबिनमध्ये जाऊन बसले. दोघांची जुनी ओळख, जुनी धुसफूसही. गाईडनी विचारलं, आठवा कोण. मास्तर म्हणाले, ज्याच्या डोक्यावर तुमचा विश्वास आहे असा कोणी घाला. गाईडना हसू आलं. त्यांना तसंही एका शिबिरासाठी वाशीमला जायचं होतं.

वाशीमला त्यांची शेंग लहान निघाली. ते म्हणाले, हललो असेन, पुन्हा काढा. पुन्हा काढला, पुन्हा लहान. मग म्हणाले, कडा आखणारीने चुकीच्या आखल्यात, आणि माझ्या हातातला माउस घेऊन स्वतः कडा आखल्या. त्यांनी आखल्यावर आणखी थोडी लहान झाली.  पंचवीस बायकांचे मेंदू लहान निघाले तेव्हा त्या माणसाला काही खटकलं नव्हतं. सोमवारी त्यांनी मला बोलावून सांगितलं, सगळ्या बायकांना दोन्हीकडे न्यायचं, परीक्षा पुढे गेली तरी चालेल.

यादीतल्या आठही जणांचा मेंदू वाशीमला लहान आला होता, आणि तो फरक जवळजवळ तेवढाच होता जेवढा मी शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांमध्ये शोधून काढला होता. पानठेलेवाल्याने शहरातली फिल्म मागून घेतली आणि ठेल्यावर टांगली. वाशीमची नको म्हणाला.

माझी परीक्षा सहा महिने पुढे गेली. आईने बायकांना जीपमध्ये घालून शहरात आणलं, मी शहरातल्या शिक्षिकांना आणि नर्सबाईंना वाशीमला नेलं. शिक्षिका कुरकुरल्या. आईच्या बायकांनी येताना डबे आणले आणि एमआरआयच्या दारात बसून टेक्निशियनलाही जेवू घातलं. मशीनचा फरक आता वेगळा काढता येत होता. वय धरलं, डोक्याचं माप धरलं. तिन्ही चांदण्या गेल्या. उरला तो फरक इतका थोडका की तो आहे का नाही हेही सांगता येईना.

आणि इथे मी जे केलं ते सांगायला हवं. वर्षभराची मेहनत हातातून जाताना बघून मी आठवडाभर कॉम्प्युटरवर बसून एकेक गोष्ट घालून-काढून पाहिली. वय धरून, डोकं सोडून, साखर घालून, मुलं किती ते घालून. एका ठिकाणी चांदणी आली. तेवढं एक उत्तर छापू, बाकीचं नको, असं ठरवून मी उत्साहाने शेलूबाजारला गेले.

 मास्तरांनी इस्त्री उचलली, माझा खाकी कागद काढला, उलगडला. चार गोष्टी, चार काहून, माझी सही, व्यापाऱ्याची सही.

‘हे तुह्यं आकडे पाहाच्या आधीचं डोस्कं हाये,’ ते म्हणाले. ‘हे खरं बोलून राह्यलं. आताचं लालची झालं.’

मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी अर्धा तास बसले. जिन्यावरून त्यांच्या बायकोने खाली डोकावून माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला विचारलं की पोरीला पाणी तरी दिलंत का. त्यांनी पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि आलेली चांदणी त्यांच्या समोर खोडली. तेव्हा म्हणाले, जीप चुकेल, निघ आता.

प्रबंधात मी कागदावर होतं ते लिहिलं, डोक्याचं माप धरून आणि न धरता, दोन्ही. फरक ठरवता आला नाही असं लिहिलं, आणि पहिल्यांदा मशीन कसं विसरले तेही लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटची पानं उलटली आणि विचारलं, संदर्भांच्या यादीतला टाइप लहान का आहे. मी पास झाले.

मला वाटलं, संपलं. मास्तरांचं संपलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, ज्यांनी डोकी दिली त्यांना काय निघालं ते सांगितलं पाहिजे, आणि ते कागदावर पाठवून उपयोग नाही, त्यांना वाचता येत नाही. मालेगावच्या बाजाराच्या दिवशी ते बसने आले. भाजीच्या ओळीत आईशेजारी पोत्यावर मांडी घालून बसले. बायका आपापले ढीग पोरांवर सोडून भोवती जमल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. दोन टेपांचं सांगितलं, वयाचं सांगितलं, स्वतःच्या लहान-मोठ्या झालेल्या मेंदूचं सांगितलं. गाईडचं सांगितलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी बाजूला उभी होते. आई मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, ‘मंग शाळेत नाई गेली म्हनून माह्यं डोस्कं लहान राह्यलं का नाई?’

‘ह्याच्यातून सांगता नाई येत,’ मास्तर म्हणाले.

‘एवढ्या लोकायले मशीनीत घालून तुमाले मंग समजलं काय?’

‘सांगता नाई येत, हेच. आधी आमी सांगून मोकळे झालो होतो.’

आईने पुढची जुडी घेतली, मातीची मुळं झटकली. बायका उठायला लागल्या. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ‘डोस्क्याचं राहू द्या मास्तर. मी शाळेत गेली असती तं बरं झालं असतं का?’

मी मास्तरांकडे बघितलं. आता चष्मा कपाळावर जाईल, कोणाच्या मानाने बरं, घर तेच धरायचं का, नवरा तोच धरायचा का, वावर तेच का, हे सगळं निघेल असं मला वाटलं. दुपारची बस गेली तरी ते पोत्यावरून उठणार नाहीत.

‘हो,’ मास्तर लगेच म्हणाले. ‘झालं असतं.’

आईने मान हलवली.

‘मले बी तसंच वाटते,’ ती म्हणाली, आणि जुडी बांधून समोरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली.